कुरियरने मौल्यवान वस्तू पाठवताय? आधी विम्याचे नीट समजून घ्या

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तयार झालेला तंबोरा आज फोनवर विकला जातो. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकते, पैसे खात्यावर टाकते आणि वाद्य पेटीत बंद होऊन कुरियरने निघते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याच्या नावाला असे संरक्षण मिळाले, पण ते वाद्य मिरजेतून कोलकात्याला किंवा बंगळूरला धड पोहोचेल याची हमी त्या मानांकनात नाही. ती हमी विम्यातूनच येते, आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. पावतीवर किंमत लिहिली की विमा झाला, असा समज घट्ट बसलेला आहे.

किंमत जाहीर करणे आणि विमा उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात मी उदाहरणाला तंबोरा घेतला आहे, कारण नाजूक, हाताने घडवलेली, आकाराने अवघड आणि किमतीने जड अशी दुसरी वस्तू आपल्या भागात क्वचितच असेल. तंबोऱ्याचा विमा ज्याला नीट उतरवता आला, त्याला लॅपटॉप, कॅमेरा, पैठणी किंवा चांदीची समई पाठवताना अडचण येणार नाही.

काउंटरवर नेमके काय घडते

बुकिंगच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, “काका, व्हॅल्यू किती टाकू?” आपण म्हणतो, “टाक की पाचशे-हजार, कशाला जास्त.” जास्त किंमत टाकली की जास्त पैसे लागतील, ही त्यामागची धास्ती. साठ हजारांचा तंबोरा कागदावर हजाराचा होतो तो असा. पुढे काही झाले तर कुरियर कंपनी त्या हजाराच्या वर एक रुपयाही मान्य करणार नाही, आणि कागदोपत्री तिचे म्हणणे बरोबर असेल.

पावती हातात आली की ती खिशात घालायच्या आधी चार गोष्टी पाहा. पहिली, मालाची जाहीर किंमत. दुसरी, मालाचे वर्णन. तिथे नुसते ‘पार्सल’ किंवा ‘लाकडी वस्तू’ असे लिहिलेले चालणार नाही. ‘तंबोरा, १ नग’ असे लिहून घ्या. तिसरी, जोखमीचा रकाना. त्यात ‘ओनर्स रिस्क’ आणि ‘कॅरियर्स रिस्क’ असे दोन पर्याय असतात. बहुतेक पावत्यांवर ओनर्स रिस्कवर आधीच खूण केलेली असते किंवा तसे छापूनच येते. याचा अर्थ वाटेत काही झाले तर ते मालकाच्या माथी. चौथी गोष्ट, ‘एफओव्ही’ नावाची रक्कम. हे मालाच्या किमतीवर आकारलेले जादा भाडे. ते भरले म्हणजे विमा उतरला असे नाही. ओनर्स रिस्कवर माल असतानाही थोडे एफओव्ही घेतले जाते आणि पाठवणारा निर्धास्त होतो. ते पैसे नक्की कशाचे घेतले हे तिथल्या तिथे विचारा.

आणि पावतीची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात कंपनीच्या जबाबदारीची कमाल रक्कम तिथे असते. ही अट बंधनकारक नसते असे अनेकजण ठामपणे सांगतात. तसे मानून चालू नका. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली होती. सही करताना वाचले नाही, हे कारण पुढे टिकत नाही.

कायदा किती भरपाई देतो

रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ हा कायदा आहे. तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. दारापासून दारापर्यंत माल पोहोचवणाऱ्या कुरियर एजन्सीही त्याच्या व्याख्येत येतात. या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही.

हिशेब मांडून पाहू. तंबोऱ्याच्या पेटीचे भाडे १,५०० रुपये झाले असे धरा. दहापट म्हणजे १५,००० रुपये. वाद्य ६०,००० चे. म्हणजे पूर्ण वाद्य हरवले तरी कायद्याने वाहतूकदाराकडून मिळण्यासारखे १५,००० च. आणि बुकिंग करताना किंमत हजार टाकली असेल तर हजार. ही मर्यादा ओलांडायची एक वाट त्याच कायद्यात आहे: जास्त जोखमीचा दर भरून माल वाहतूकदाराच्या जोखमीवर पाठवायचा. कॅरियर्स रिस्क म्हणतात ते हेच.

या कायद्यात पाठवणाऱ्याच्या बाजूची एक मोठी तरतूद आहे. नुकसान वाहतूकदाराच्या निष्काळजीपणामुळेच झाले, हे आपल्याला सिद्ध करावे लागत नाही. माल चांगल्या स्थितीत दिला आणि फुटलेला पोहोचला, एवढे दाखवता आले पाहिजे. मात्र माल चांगल्या स्थितीत दिला होता याचा पुरावा आपल्याकडेच हवा, म्हणून पुढे पॅकिंगच्या भागात मी जास्त वेळ घेणार आहे.

विमा कोणी उतरवायचा

विकणारा मिरजेत, घेणारा कोलकात्यात. वाटेत वाद्य कोणाच्या मालकीचे? माल विक्री कायदा, १९३० मधल्या कलम ३९ नुसार विकणाऱ्याने वाहतूकदाराच्या हाती माल दिला की तो सर्वसाधारणपणे घेणाऱ्याला दिल्यासारखाच धरला जातो. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की वाहतूकदाराशी करार करताना विकणाऱ्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. ती घेतली नाही आणि माल वाटेत गेला किंवा खराब झाला, तर घेणारा ती डिलिव्हरी नाकारू शकतो. साठ हजारांचे वाद्य हजाराच्या किमतीवर, मालकाच्या जोखमीवर पाठवले तर वाजवी काळजी घेतली असे म्हणणे कठीण होईल.

म्हणून ऑर्डर घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून टाका: “वाद्य तुमच्या घरी सुस्थितीत पोहोचेपर्यंत जोखीम आमची, विम्याचा खर्च इतका, तो किमतीत धरला आहे.” किंवा उलट: “कुरियरला दिल्यानंतर जोखीम तुमची, विमा तुम्ही उतरवा.” माझ्या मते विकणाऱ्यानेच विमा उतरवावा. माल त्याच्या हातात असतो, फोटो तोच काढतो, बुकिंग तोच करतो. गिऱ्हाईक त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला कुरकुरत नाही. फुटलेले वाद्य हातात आले की मात्र गिऱ्हाईक कायमचे तुटते.

विम्याचे मार्ग

एकूण चार मार्ग आहेत. ते एकसारखे उपयोगी नाहीत.

कुरियर कंपनीकडेच जादा पैसे भरून कॅरियर्स रिस्क घेणे हा सर्वांत सोपा मार्ग. एकदाच कधीतरी काही पाठवायचे असेल तर हाच सोयीचा. मात्र हा खऱ्या अर्थाने विमा नाही, वाहतूकदाराने वाढवून घेतलेली जबाबदारी आहे. आपल्याकडे विमा देण्याचा परवाना फक्त नोंदणीकृत विमा कंपनीला असतो. कुरियरवाला ‘इन्शुरन्स’ म्हणत असेल तर त्याला दोन प्रश्न विचारा: विमा कंपनी कोणती, आणि माझ्या नावाचे सर्टिफिकेट कुठे? अनेक कुरियर कंपन्या आणि ऑनलाइन बुकिंगची अ‍ॅप कुठल्यातरी विमा कंपनीची सामूहिक पॉलिसी घेतात आणि त्याखाली आपले पार्सल घालतात. असे असेल तर सर्टिफिकेट क्रमांक मिळालाच पाहिजे, आणि वगळलेल्या वस्तूंची यादीही. काच, चिनीमाती, कलाकृती, वाद्ये, जुन्या वापरलेल्या वस्तू या यादीत वारंवार आढळतात. म्हणजे पैसे भरायचे आणि आपली वस्तूच यादीबाहेर.

दुसरा मार्ग टपालखात्याचा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी मूल्य जाहीर करून विमा उतरवण्याची सोय टपालात आहे. स्पीड पोस्टाच्या पाकिटाला १ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. विमा न उतरवलेले स्पीड पोस्ट हरवले तर मिळणारी भरपाई टपाल शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातले जे कमी असेल तेवढीच. टपाल कायदा, २०२३ मध्येही टपालखात्याची जबाबदारी नियमांत सांगितली असेल तेवढ्यापुरतीच ठेवली आहे, त्यामुळे तिथेही विम्याशिवाय किमती वस्तू टाकू नये. छोट्या, जड किमतीच्या वस्तूंना हा मार्ग चांगला. तंबोऱ्याची पेटी आकाराच्या मर्यादेत बसते का, हे आधी टेप घेऊन मोजा आणि काउंटरवर विचारा.

तिसरा मार्ग म्हणजे विमा कंपनीकडून एका खेपेपुरती पॉलिसी. हिला मरीन पॉलिसी म्हणतात, माल समुद्रावरून जात नसला तरी. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या, तसेच खासगी कंपन्या ती देतात. एजंटला ‘इनलँड ट्रान्झिट, सिंगल ट्रिप’ असे सांगा. वाहतूक कशाने होणार त्या रकान्यात ‘कुरियर’ हा शब्द आलाच पाहिजे. नुसते ‘रस्त्याने’ लिहिले आणि माल विमानाने गेला तर दाव्याच्या वेळी त्यावर बोट ठेवले जाते. पॉलिसी माल हलण्याआधी घ्यायची. सकाळी पार्सल गेले आणि दुपारी पॉलिसी काढली, तर ती कामाची नाही.

चौथा मार्ग वार्षिक ओपन पॉलिसीचा. वर्षभर नियमितपणे माल पाठवणाऱ्या प्रत्येकाने हाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षभरात साधारण किती किमतीचा माल पाठवणार त्या रकमेची एक पॉलिसी काढायची आणि प्रत्येक खेपेची माहिती कंपनीला कळवत जायचे. तेवढी रक्कम शिलकीतून कमी होते. एका कारागिराला वर्षाची पॉलिसी परवडत नसेल तर गल्लीतल्या चार-पाच जणांनी उत्पादक कंपनी किंवा संस्थेच्या नावाने ती घेता येईल का, हे विमा कंपनीशी बोलून बघावे. ओपन पॉलिसीत एक पथ्य कडक आहे: प्रत्येक खेप कळवायची, कमी किमतीचीही. फक्त महागडी वाद्ये कळवून स्वस्त वाद्ये तशीच पाठवली तर कंपनी पूर्ण हिशेब मागू शकते.

खर्चाचा अंदाज येण्यासाठी एक काल्पनिक हिशेब. किमतीच्या दीड टक्का आकार धरला तर ६०,००० च्या वाद्याला ९०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १६२, एकूण १,०६२. प्रत्यक्ष दर कंपनीप्रमाणे, वस्तूप्रमाणे आणि अंतराप्रमाणे बदलतो. दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

ए, बी की सी: खरी मेख इथे आहे

देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात तीन प्रकारची कलमे असतात. ‘सी’ कलमात फक्त आग आणि वीज. ‘बी’ कलमात त्याशिवाय पूल कोसळणे, वाहनाची टक्कर, वाहन उलटणे असे मोठे अपघात. ‘ए’ कलमात, वगळलेली कारणे सोडून, बाकी सगळी जोखीम.

आता विचार करा, तंबोरा कसा फुटतो? ट्रक उलटून क्वचितच. गोदामात पेटीवर दुसरी जड पेटी ठेवली, उतरवताना हातातून सुटली, उभी ठेवायची ती आडवी टाकली, पावसात भिजली. यातले एकही कारण बी किंवा सी कलमात नाही. चोरीही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर पाण्यात होते आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी गोदामात शिरलेल्या पाण्याने भिजलेला माल बी कलमात येत नाही, ए कलमात येतो. हप्ता कमी दिसतो म्हणून एजंट बी कलमाची पॉलिसी पुढे करेल. नाजूक वस्तूला ती निरुपयोगी आहे. ए कलमच घ्या. संप आणि दंगलीच्या जोखमीचे कलम वेगळे जोडावे लागते. त्याचा खर्च थोडा असतो, तेही जोडून घ्या.

ए कलमातही काही गोष्टी बाहेरच राहतात: विमा घेणाऱ्याने मुद्दाम केलेले नुकसान, अपुरे किंवा अयोग्य पॅकिंग, वस्तूच्या अंगचाच दोष आणि उशीर. मैफलीला वाद्य वेळेत पोहोचले नाही म्हणून झालेले नुकसान कुठलाही मालवाहतुकीचा विमा देत नाही. ‘अंगचा दोष’ हे वाद्यांच्या बाबतीत सर्वांत वादाचे कलम. भोपळा नीट वाळला नव्हता म्हणून तडकला, की वरून मार बसला म्हणून? हवेतल्या दमटपणाने तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) फुगली, की पेटीत पाणी गेले म्हणून? बाहेरून झालेला आघात दाखवता आला नाही तर दावा अडतो. जवारी (आवाजासाठी घोडीच्या माथ्याची केलेली घासाई) बिघडली, सूर उतरला, एवढ्यावर विमा मिळत नाही.

आणखी एक बारकावा जोडीचा. तंबोरे जोडीने विकले जातात, सुराला सूर जुळवून. त्यातला एक फुटला तर दुसऱ्याची किंमतही उतरते. पण पॉलिसीत जोडी किंवा संचाचे कलम असेल तर फुटलेल्या एकाचीच भरपाई मिळते. जोडी पाठवत असाल तर हे कलम आहे का आणि ते बदलून मिळेल का, हे लेखी विचारा. चांदीच्या ताटांचा संच, कानातले, बुद्धिबळाच्या सोंगट्यांचा संच, सगळ्यांना हे लागू.

किंमत कशी ठरवायची

नव्या वस्तूला बिल हाच आधार. बिलाची रक्कम, अधिक भाडे, अधिक साधारण दहा टक्के, एवढ्या रकमेचा विमा घेण्याची पद्धत आहे. कमी रकमेचा विमा घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका. ६०,००० च्या वाद्याचा विमा ३०,००० चा घेतला आणि दुरुस्तीला २०,००० खर्च आला, तर कंपनी २०,००० देणार नाही, १०,००० देईल. अर्धाच विमा होता, म्हणून नुकसानीचाही अर्धाच भाग.

जुन्या वस्तूला बिल नसते. आजोबांचा तंबोरा दुरुस्तीला मिरजेत पाठवायचा किंवा दुरुस्त करून परत पाठवायचा, अशा वेळी जाणकार कारागिराकडून लेखी मूल्यांकन घ्या. त्यात वाद्याचे वर्णन, लाकूड, अंदाजे वय, सध्याची स्थिती, आधीचे तडे किंवा जोड आणि आजची किंमत यावी, खाली सही-शिक्का आणि तारीख. विमा कंपनीला ही किंमत आधीच मान्य करायला लावा आणि पॉलिसीत तसे लिहून घ्या. भावनेची किंमत कोणी देत नाही, हे मात्र मनाशी धरून ठेवा. असा ऐवज शक्य असेल तर स्वतःच घेऊन जावा.

मालाची किंमत ५०,००० च्या वर असेल आणि तो राज्याबाहेर जात असेल, तर ई-वे बिल (जीएसटीतला मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागते का हे आपल्या कर सल्लागाराला विचारा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, आणि करमाफ मालाला व घरगुती वापरलेल्या सामानाला ही अट नसते. विम्याची किंमत, बिलाची किंमत आणि कुरियरच्या पावतीवरची किंमत, तिन्ही एकच हव्यात. नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेयर आल्यावर आधी हेच तीन कागद शेजारी ठेवतो.

पॅकिंग आणि पुरावा

अपुऱ्या पॅकिंगचे कारण देऊन दावे फेटाळले जातात, म्हणून इथे कसूर नको. तंबोरा पाठवताना तारा सैल करा. तारांचा ताण गेला की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जागेवरून सरकते आणि तबलीवर आदळत राहते. म्हणून घोडीची जागा पेन्सिलीने हलकी आखून ती काढून घ्या, कापडात गुंडाळा आणि वेगळ्या पाकिटात घालून पेटीतच बांधा. खुंट्यांना फोम. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो सांधा सर्वांत कमकुवत, त्याच्याखाली आधार हवा, म्हणजे वजन एकट्या भोपळ्यावर येणार नाही. भोपळ्याभोवती सगळीकडून सारखी जाड गादी. पेटी बंद करून हलवली तर आत काहीही हलल्याचे जाणवू नये. आतले वाद्य प्लॅस्टिकमध्ये, पेटी बाहेरून ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिकमध्ये. ‘नाजूक, काच सांभाळा’ अशी चिठ्ठी मराठीतच लावून थांबू नका. हबमध्ये माल चढवणारा कुठल्याही राज्यातला असू शकतो, त्याला कळेल असे बाण आणि पेल्याचे चित्र चारही बाजूंना काढा.

आता पुरावा. एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. सुरुवातीला त्या दिवसाचे वर्तमानपत्र किंवा फोनवरची तारीख दाखवा. तारा छेडून आवाज ऐकवा. भोपळा सगळीकडून फिरवून दाखवा, तबली जवळून दाखवा, वाद्यावरचा क्रमांक किंवा सही दाखवा. मग तारा सैल करण्यापासून पेटीला शेवटची पट्टी मारेपर्यंत सगळे टिपा. शेवटी पेटीवर चिकटवलेली कुरियरची चिठ्ठी आणि तिचा क्रमांक. पेटीचे वजन आणि लांबी-रुंदी-उंचीही लिहून ठेवा. वाटेत पेटी उघडली गेली असेल तर पोहोचल्यावरचे वजन हाच पुरावा ठरतो. हा व्हिडिओ घेणाऱ्याला आणि विमा एजंटला बुकिंगच्याच दिवशी पाठवा, म्हणजे त्याची तारीख कोणी नाकारणार नाही.

सोने, रोकड, कागदपत्रे

सोने, दागिने, रोकड, नाणी या वस्तू साधारणपणे कुरियर कंपन्या घेतच नाहीत. ‘कपडे’ लिहून आत दागिना ठेवला तर विमा असो वा नसो, काहीही मिळणार नाही, कारण वर्णनच खोटे. विटा-खानापूर भागातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, त्यांना हा विषय नवा नाही. सराफांसाठी ‘ज्वेलर्स ब्लॉक’ नावाची वेगळी पॉलिसी असते. तिच्यात टपालाच्या विमा उतरवलेल्या पार्सलने, विमानाने किंवा अंगडियामार्फत (मौल्यवान माल पोहोचवणाऱ्या खासगी माणसामार्फत) जाणाऱ्या मालाचा भाग स्वतंत्र घेता येतो. घरातली एखादी अंगठी पाठवायची असेल तर टपालाचे विमा पार्सल बरे.

जमिनीचे मूळ दस्त, पदवीची प्रमाणपत्रे यांना विमा कंपनी फार तर नवी प्रत काढण्याचा खर्च देईल. लॅपटॉप, फोन पाठवताना बॅटरीची माहिती पावतीवर लिहा. लिथियम बॅटरीला विमानाने नेण्याचे वेगळे नियम आहेत, आणि लपवलेली माहिती दाव्यात आडवी येते.

पार्सल पोहोचल्यावर

घेणाऱ्याला आधीच फोन करून सांगा: पेटी सगळीकडून बघितल्याशिवाय सही करू नका. कोपरा दबलेला, पट्टी नवीन मारलेली, पेटी ओली, काहीही दिसले तर पोचपावतीवर तसा शेरा लिहा, ‘पेटी डाव्या बाजूने दबलेली, तळ ओला’. अलीकडे सही फोनच्या पडद्यावर घेतात, तिथे शेरा लिहायला जागा नसते. मग डिलिव्हरी देणाऱ्या मुलासमोरच पेटीचा फोटो काढा आणि त्याच मिनिटाला कुरियर कंपनीच्या ईमेलवर पाठवा. ओटीपी देणे म्हणजेच सही, हेही घेणाऱ्याला समजावून सांगा. पेटी उघडतानाचाही सलग व्हिडिओ.

नुकसान दिसले तर तिथेच थांबा. पेटी, फोम, चिठ्ठ्या, काहीही फेकू नका. दुरुस्तीला हात लावू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. मोठ्या रकमेच्या दाव्यात कंपनी सर्व्हेयर पाठवते, आणि त्याने वस्तू जशीच्या तशी पाहिली पाहिजे.

त्याचबरोबर कुरियर कंपनीला लेखी नोटीस द्यायची. विमा असला तरी. विमा कंपनी आपल्याला पैसे दिल्यानंतर आपल्या जागी उभी राहून ते वाहतूकदाराकडून वसूल करते. तो हक्क आपल्या आळसाने बुडाला तर ती आपला दावा कापू शकते. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्टच्या कलम १६ नुसार ही नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. मुदत बुकिंगपासून मोजतात, डिलिव्हरीपासून नाही. मजकूर साधा असावा (डॉकेट क्र. म्हणजे कुरियरच्या पावतीचा क्रमांक):

“विषय: डॉकेट क्र. ___, दि. ___ रोजी बुक केलेल्या मालाचे नुकसान. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७, कलम १६ अन्वये नोटीस. वरील डॉकेटने मिरज येथून ___ येथे पाठवलेला तंबोरा दि. ___ रोजी पोहोचला. त्या वेळी पेटीची डावी बाजू दबलेली होती व तसा शेरा पोचपावतीवर आहे. भोपळ्याला तडा गेला असून नुकसानीची रक्कम रु. ___ आहे. ही रक्कम आम्ही आपणाकडून मागत आहोत. मालाचा विमा पॉलिसी क्र. ___ अन्वये उतरवलेला असून विमा कंपनीचे आपल्याविरुद्धचे हक्क राखून ही नोटीस दिली आहे. नुकसानीचे प्रमाणपत्र सात दिवसांत द्यावे.”

शाखेत देऊन शिक्का घ्या, शिवाय कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पोचपावतीसह टपालाने पाठवा आणि ईमेलही करा.

दाव्याच्या फाइलीत लागतात ते कागद असे: पॉलिसी किंवा सर्टिफिकेट, बिल किंवा मूल्यांकन, कुरियरची पावती, शेरा असलेली पोचपावती, दोन्ही व्हिडिओ, कारागिराचा दुरुस्तीचा लेखी अंदाज, कुरियरला दिलेली नोटीस आणि कुरियरचे नुकसानीचे प्रमाणपत्र. पार्सल हरवले असेल तर माल न पोहोचल्याचे त्यांचे पत्र, चोरी असेल तर एफआयआर. हे प्रमाणपत्र द्यायला कुरियर कंपन्या टाळाटाळ करतात. ते मिळत नाही म्हणून दावा थांबवू नका. मागितल्याचा ईमेल जोडा आणि पुढे चला. पैसे देताना विमा कंपनी ‘सबरोगेशन’च्या पत्रावर सही घेते, म्हणजे वसुलीचा हक्क तिच्याकडे सोपवणे. ते रीतीप्रमाणेच आहे.

दावा नाकारला तर

आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा नियामकाचे बीमा भरोसा पोर्टल आहे आणि १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यानंतर विमा लोकपाल. सांगली-सातारा भागासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, आणि व्यक्तींबरोबरच एकल मालकीचे धंदे व सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसींच्या तक्रारीही तिथे चालतात. म्हणजे दुकानाच्या नावाने पॉलिसी घेणारा वाद्यकारागीर तिथे जाऊ शकतो. विमा कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते.

वाद कुरियर कंपनीशी असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करा, बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि इथे सेवेची रक्कम म्हणजे कुरियरचे भाडे. ‘तुम्ही धंद्यासाठी माल पाठवला, तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप समोरून हमखास येतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी सेवा घेणारा ग्राहकच असतो हे कायद्यात लिहिलेले आहे, तेव्हा आपण स्वतः वाद्ये घडवून उपजीविका करतो हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात मांडा. पावतीवर ‘सर्व वाद दिल्लीच्या न्यायालयात’ असे छापलेले असले तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात त्याला तक्रार करता येते. मिरजेच्या माणसाला त्यासाठी सांगलीच्या पुढे जावे लागत नाही.